व्याह्यांचं औषध आणि माझं पोट

आमच्या व्याह्यांना या जगात निरोगी माणूस अजून भेटलेला नाही. भेटण्याची शक्यताही नाही, कारण 'मला काही होत नाही' असं कुणी म्हणालं की त्यांना त्याची जास्तच काळजी वाटते. "काय व्हत न्हाई म्हंजी आतल्या आत मुरतंय," असं म्हणून ते त्याची नखं बघतात, डोळ्याची खालची पापणी ओढून बघतात, आणि पाच मिनिटांत त्या धडधाकट माणसाची कळा उतरते. एका लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, त्यांनी शेजारी बसलेल्या नवऱ्यामुलाच्या आजोबांचा गुडघा दाबून पाहिलेला मी स्वतः पाहिला आहे. मयतीला गेले तरी आधी 'कशानं गेले' हे विचारतात आणि उत्तर ऐकून मनापासून हळहळतात, "मला एक फोन करायचा व्हता राव!" हे ते अशा कळवळ्यानं म्हणतात, की फोन न केल्याबद्दल घरच्या मंडळींना खरोखरच चुटपूट लागते.

माणूस राजुरीचा, पक्का बागायतदार. टोमॅटो, कांदा आणि थोडी डाळिंबाची बाग. माणसाचं शरीर हेही त्यांच्या लेखी एक पीकच आहे. "पान पिवळं पडलं तर आपुन पानाला दोष देतो का? मुळाला बगतो. तसं माणसाचं मूळ पोटात," हे त्यांचं वैद्यकशास्त्र. आणि शेतकरी म्हणून सावध इतके, की नवं औषध ते एकदम सगळ्या वावरात कधीच मारत नाहीत. आधी एका सरीवर फवारून बघतात. आठ-दहा दिवस रोज सकाळी जाऊन त्या सरीपुढे उकिडवे बसतात. सरी हिरवीगार राहिली, तरच बाकीचं रान. दुकानदारानं कितीही शपथा घेतल्या तरी हा नेम ते मोडत नाहीत.

आता माझ्या पोटाविषयी सांगायला हवं. मी शिनोलीचा, सगळी हयात आंबेगाव तालुक्यात मास्तरकी करण्यात गेली. मुलांच्या किती पिढ्या माझ्या हाताखालून गेल्या ते आठवत नाही, पण पंचवीस वर्षांत खाल्लेलं आणि न पचलेलं एकूण एक जेवण मला आठवतं. जळजळ, गॅस, आंबट ढेकर, हे माझे सगळ्यांत जुने सोबती. वर्गात मी शिरण्याआधी माझी ढेकर शिरायची आणि पोरं आपोआप गप्प बसायची, त्यामुळे मला कधी छडी हातात घ्यावी लागली नाही. लग्नाच्या पंगतीत मी आचाऱ्याला गाठून रश्श्यात काय-काय घातलंय याची चौकशी करतो. आमची बायको म्हणते, "तुमच्याबरोबर जेवायला बसणं म्हणजे परीक्षेला बसणं." घोडेगावच्या डॉक्टरांची एक गोळी रोज सकाळी घेतली की माझं बरं चालतं. हे साधं सत्य मी व्याह्यांना वेळीच सांगायला हवं होतं. पण आपण पडलो लेकीचे बाप. धाकटी त्यांच्या घरात दिलेली. त्यांनी पोटावर हात ठेवून "किती वर्सं?" असं विचारलं आणि मी मान खाली घालून "पंचवीस" म्हणालो. तिथेच मी त्यांची सरी ठरलो.

पंधरा दिवसांत ते बाटल्यांचं खोकं घेऊन घरी हजर. कुठल्याशा बाजारात भोंगा लावलेल्या गाडीवरून आणलेलं औषध. त्याचं नाव मी सांगत नाही, उगाच कुणीतरी घेईल. बाटलीवर लिहिलेलं होतं, 'जुनाट अपचन, आम्लपित्त, वायू, मलावरोध, भूक न लागणे व फार भूक लागणे, सर्वांवर रामबाण.' भूक न लागणाऱ्याला आणि फार लागणाऱ्याला एकच औषध कसं चालेल, अशी शंका माझ्यातल्या मास्तरानं काढली. व्याही म्हणाले, "गुरुजी, पाणी तहानेल्यालाबी लागतं आन् बुडणाऱ्यालाबी." मी यावर अजून विचार करतो आहे.

सकाळी अनशापोटी दोन झाकणं घ्यायची होती. पहिल्या दिवशी घेतली. चव हिंगात बुडवलेल्या गंजक्या खिळ्यासारखी. त्यानंतर रोज दोन झाकणं मी इमानेइतबारे मोरीत ओतत गेलो. पण खरी गंमत औषधाची नव्हती, फोनची होती. रोज सकाळी सहाला व्याह्यांचा फोन. तोही स्पीकरवर, कारण एका हातात त्यांची चहाची बशी. "गुरुजी, झालं का साफ?" मागून विहीणबाई भांडी घासताना ऐकू यायच्या, जावई खाकरायचे, आणि माझी लेक, जिला मी अंगाखांद्यावर खेळवलं, ती चुलीपाशी उभी राहून बापाच्या कोठ्याचा अहवाल ऐकायची. "एकदा का दोनदा?" पुढचा प्रश्न. "पातळ का घट?" त्याच्याही पुढचा. दहा दिवस मी हे सोसलं. अकराव्या दिवशी लाजेनं अर्धमेला झालो आणि सुटका करून घेण्यासाठी म्हणालो, "अहो, एकदम बरं वाटतंय. पंचवीस वर्षांत असं बरं वाटलं नव्हतं." मग त्यांनी सगळ्या घराला ओरडून सांगितलं, "गुरुजी बरं झालं!" त्या आवाजातला आनंद ऐकून मला माझं खोटं फार गोड वाटलं. पोटानं जन्मभर मला छळलं, पण असं तोंडघशी पाडलं ते माझ्या जिभेनं.

पुढच्याच महिन्यात राजुरीची यात्रा. गावात शिरतो तर चौकात माझा फ्लेक्स! लेकीच्या लग्नातला माझा फेटेवाला फोटो, हात जोडलेले, आणि खाली ठळक अक्षरांत, 'पंचवीस वर्षांच्या जुनाट पोटविकारावर मात केल्याबद्दल आमचे व्याही श्री. गुरुजी यांचे हार्दिक अभिनंदन!' शुभेच्छुकांत सात महिन्यांच्या नातवाचंही नाव. वाढदिवसाचे, निवडीचे, परीक्षा पास झाल्याचे फ्लेक्स मी पाहिले होते. पोट साफ झाल्याचा फ्लेक्स लागलेला त्या पंचक्रोशीत मी पहिलाच. कुस्त्या सुरू होण्याआधी माईकवरून माझं नाव पुकारलं आणि टोपी, टॉवेल, नारळ देऊन सत्कार झाला. "दोन शब्द बोला," म्हणाले. मी चाळीस वर्षं बोलून पोट भरलेला माणूस, पण त्या दिवशी "व्याह्यांची कृपा" एवढंच कसंबसं निघालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर माणूस कशाला खोटं बोलेल?

मग पंगत. व्याह्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या ताटात आठ मासवड्या वाढल्या, वर लालभडक रस्सा. पंगतीतला एकही माणूस स्वतःच्या ताटाकडे बघत नव्हता. "खा गुरुजी, आता कशाला भ्यायचं?" मी खाल्ल्या. आठच्या आठ. पुढचे दोन दिवस मी घडीघडीला "जरा कांदा बघून येतो" म्हणून शेताकडे जात राहिलो. "गुरुजींना शेतीची लई आवड," असं व्याही पाहुण्यांना कौतुकानं सांगत होते.

हे सगळं इथवर हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पावसाळा सरल्यावर एक दिवस दुपारी लेकीचा फोन आला. आवाज दबका. सासऱ्यांना ती दादा म्हणते. "बाबा, दादांना दोन महिने झाले काही पचत नाहीये. शर्ट अंगात लोंबायला लागलाय. शौचाला काळं होतं म्हणे, आई सांगत होत्या. डॉक्टरकडे चला म्हटलं की चिडतात. म्हणतात, गुरुजींचं पंचवीस वर्सांचं गेलं, माझं दोन महिन्यांचं ते काय! रोज चार झाकणं पितात. बाबा, तुमचं ते ऐकतील. तुम्ही सांगा ना."

सावध माणूस तो. एक सरी आठ-दहा दिवस नव्हे, चांगले चार महिने बघितली, हिरवीगार दिसली, आणि मग भरवशानं स्वतःच्या रानात ते औषध सोडलं. ती सरी मी होतो.

मिळेल त्या एसटीनं निघालो. मंचर, नारायणगाव, आळेफाटा, सगळ्या रस्त्यानं मी वाक्यं जुळवत होतो. 'तसं पाहिलं तर', 'एका अर्थानं', 'पूर्ण खोटं असं नाही', अशी सगळी मास्तरी वाक्यं. व्याही कांदा साठवायच्या चाळीपाशी बाजेवर बसले होते. त्यांना पाहिलं आणि जुळवलेलं सगळं विसरलो. एवढा उंच माणूस निम्मा झाला होता. मला पाहून हसले आणि पहिला प्रश्न, "पोट कसंय गुरुजी?"

"वाईट आहे," मी म्हणालो. "पहिल्यापासून वाईटच आहे. मी तुमचं औषध एक दिवस घेतलं. बाकी सगळं मोरीत ओतलं. मी डॉक्टरची गोळी घेतो, तीही रोज."

"मंग फोनवर..."

"लाज वाटली म्हणून खोटं बोललो."

"आन् मासवड्या?"

"त्या खऱ्या खाल्ल्या. पण दोन दिवस मेलो."

मला वाटलं, आता हा माणूस मला रानाबाहेर काढणार. काढायलाच हवं होतं. ते खाली वाकले, कांद्याचं एक टरफल उचललं, त्याच्याकडे बघत म्हणाले, "म्हंजी सरीच खोटी निघाली." आणि मग, अगदी हळू आवाजात, "हे घरात कुणाला बोलू नका गुरुजी. पोरीचं वडील हायेत तुमी. तिला खाली बगाया लागंल." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्याचा जीव माझ्यामुळे टांगणीला लागला, तो माझ्या अब्रूची काळजी करत होता.

त्याच दिवशी जावयानं गाडी काढली. दुर्बीण घालून तपासलं, तर पोटात खोल जखम, आतून रक्त चाललेलं. डॉक्टर म्हणाले, "अजून थोडे दिवस काढले असते तर अवघड होतं." हे ते मला उद्देशून म्हणाले असं मला वाटलं, पण ते फाइलकडे बघून बोलत होते. रक्त चढवलं, गोळ्या सुरू झाल्या, आणि दिवाळीपर्यंत व्याही भाकरी कुस्करून खायला लागले.

पुढे एकदा मी त्यांच्या ओट्यावर बसलेलो असताना घाटघरचा एक भातशेतीवाला आला. यात्रेत माझा सत्कार त्यानं पाहिला होता. "माज्या बायकोचं पोट लई वर्सं दुखतंय. गुरुजींला गुन आला ती बाटली पायजे व्हती." व्याही माझ्याकडे न बघता म्हणाले, "यांना लागू पडली, मला न्हाई पडली. आमचंच पोट नाठाळ. तू आदी डाक्टरला दाव." खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांचे कान लाल झाले होते. मला ते सहन होईना. मी म्हणालो, "मलाही नाही लागू पडली. मी सगळ्या गावासमोर खोटा नारळ घेतला." तो माणूस आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला, मग "मंग डाक्टरच बरा" म्हणून चालता झाला. व्याही माझ्यावर खरोखर चिडले. "उभ्या जन्मात एक खोटं बोललो, तेबी तुमच्यासाटी. ते तरी टिकू द्यायचं राव!"

आता ते बरे आहेत. पण माणसांना औषध सांगणं त्यांनी सोडलं आहे. लग्नात अक्षता टाकून मुकाट जेवायला बसतात, कुणाचं नख बघत नाहीत, पापणी ओढत नाहीत. कुणी गुडघा दाखवला तरी "डाक्टरला इचार" म्हणून मोकळे होतात. सगळे म्हणतात, बरं झालं, सुधारले. मला मात्र ते बघवत नाही. त्यांचं वेड माझ्यामुळे गेलं, आणि वेडाबरोबर त्यांच्यातलं काहीतरी फार चांगलं गेलं.

परवा राजुरीला गेलो होतो. राहवेना म्हणून मुद्दाम त्यांच्यासमोर पोटावर हात ठेवून कण्हत बसलो. वाटलं, ओवा म्हणतील, हिंग म्हणतील, काहीतरी भलतंसलतं म्हणतील. त्यांनी माझ्याकडे बारकाईनं बघितलं, उठले, आत जाऊन टोपी घालून आले आणि म्हणाले, "चला, डाक्टरकडं. मी बसतो शेजारी." पोट माझं तेव्हा जराही दुखत नव्हतं. पण ते सांगायचा धीर झाला नाही, आणि मी मुकाट्यानं त्यांच्याबरोबर निघालो.