गोटीची शिफ्ट

बिनशेपटीचं मांजर पाळलं की किस्से शोधावे लागत नाहीत, घरी आलेला प्रत्येक माणूस एखादा ठेवून जातो. आमची गोटी मँक्स जातीची. या जातीत पुष्कळ मांजरांना जन्मतःच शेपूट नसतं. बाबा चाकणच्या एका कंपनीत पत्रे दाबायच्या प्रेस मशीनवर आहेत. तिथले परदेशी साहेब मायदेशी जाताना तिला बाबांच्या हवाली करून गेले.

आम्ही महाळुंग्यात भाड्याने राहतो. घरमालकीण काकू इथल्याच, जुन्या शेतकरी घरातल्या. पहिल्या दिवशी त्यांनी गोटीला मागून नीट पाहिलं आणि बाबांना विचारलं, "शेपटी प्रेसमधी गावली व्हय?"

बाबांनी सांगितलं, शेपूट जन्मापासूनच नाही. काकूंना पटलं नाही. जाताना म्हणाल्या, "कंपनीनं भरपाई तरी दिली का न्हाई?"

*

गोटीचे मागचे पाय लांब आहेत. ती चालते कमी, उड्या जास्त मारते. ते पाहून काकूंनी ठरवलं की हा ससाच आहे, आणि गाजरं आणून दिली. गोटीने हुंगून तोंड फिरवलं.

"शहरातला हाय," काकू म्हणाल्या.

*

मग गोटीला शू होईना. डॉक्टर म्हणाले, अशा काही मांजरांच्या मणक्याच्या टोकाशी नसा कमजोर असतात, त्यामुळे मूत्राशय आपोआप रिकामं होत नाही. सकाळ-संध्याकाळ पोट हलकेच दाबून ते रिकामं करायचं. एक वेळही चुकवायची नाही, नाहीतर किडनीवर येईल.

कुठे दाबायचं ते दाखवून त्यांनी गोटीला बाबांकडे दिलं. दिवसभर लोखंडी पत्रे दाबणाऱ्या बाबांनी तिच्या पोटावर दोन बोटं टेकवली आणि विचारलं,

"डॉक्टर, किती टन?"

*

हे दोघांचं काम. एकाने पुढून धरायचं, दुसऱ्याने दाबायचं. आई-बाबा दोघांनाही शिफ्ट असते, म्हणून संध्याकाळी मी लागतेच. गॅदरिंगच्या नाचाची तालीम शाळा सुटल्यावर असायची. मी का थांबत नाही, असं मॅडमनी वर्गात विचारलं. शेजारची मैत्रीणच मोठ्याने म्हणाली, "मॅडम, तिला मांजराला शू करवायची असते."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला पहिल्याच गाण्यात घेतलं, म्हणजे तालमीतून लवकर सुटेन.

मला नाचायचंच नव्हतं, हे सांगायचं राहून गेलं.

*

गॅदरिंगनंतर मी शाळेच्या जिन्यात पडले. हात प्लास्टरमध्ये आणि आईची सेकंड शिफ्ट. संध्याकाळची वेळ एकट्या बाबांवर आली. नेमका त्याच दिवशी सुपरवायझरांनी ओव्हरटाइम सांगितला. बाबांना सबबी जमत नाहीत. "साहेब, मांजराला शू करवायचीय," म्हणाले आणि निघाले.

त्यांच्या मागोमाग सुपरवायझर आमच्या दारात. कारण खरं आहे का ते बघायला आले होते, चेहऱ्यावरच दिसत होतं. बाबा मोरीत गोटीला घेऊन बसले होते. तिचं पोट टणक झालं होतं आणि ती सारखी निसटत होती. मी एका हाताने धरायला बघत होते, पण जमत नव्हतं.

बाबांनी मानही वळवली नाही. "साहेब, बूट काढून या. पुढचे पाय धरा."

साहेबांनी धरले. गोटीने त्यांच्या शर्टात नखं रुतवली. बाबांनी दाबलं. काही झालं नाही. हात जरा खाली घेऊन पुन्हा दाबलं. मग धार लागली. ती थांबेपर्यंत साहेबांनी पाय सोडले नाहीत.

साहेबांनी साबणाने हात धुतले, चहा घेतला, बूट घातले. ओव्हरटाइमचा विषय काढला नाही. दोन पायऱ्या उतरून थांबले आणि त्यांनी बाबांना विचारलं,

"उद्या किती वाजता?"