चिंचेने घासलेला बिल्ला

सौदीतल्या अल खफजीच्या कामगार कॅम्पात माझा रूममेट रत्नागिरीकडचा मुसलमान वेल्डर होता. जर्मन कामगारांनी मे दिनाच्या मोर्चात छातीवर लावलेले जुने बिल्ले तो जमवायचा. प्लांटवर व्हॉल्व्हला बांधतात तसा प्रत्येकाला टॅग: कुठला, कुणी दिला, काय काय सोसलं. मला तो निव्वळ वेडेपणा वाटे.

ईदला त्याला खूश करावं म्हणून मी सगळ्यांत काळा पितळी बिल्ला घेतला आणि घरी समई घासतात तसा चिंचेने लख्ख घासला. वरची रंगीत अक्षरंही निघून गेली. जुन्या वस्तूचा काळेपणा जपायचा असतो, हे माझ्यासारख्या दीडशहाण्याला कुठे ठाऊक!

ईदच्या सकाळी मी तो त्याच्या हातात ठेवला. मग त्याने टॅगवर शेवटची ओळ लिहिली : ‘अल खफजी. दोस्ताने ईदसाठी उजळला.’