बंद शेडातले दोन ठोके

मी चौथी शिकलेली बाई. भूतखेत कधी मानलं नाही. मसणाला लागून असलेल्या वावरात एकटीनं कापूस वेचला आहे. तरी हे लिहिते, कारण इतकी वर्षं झाली, मला याचा मेळ लागलेला नाही...

यवतमाळात आमच्या घरामागं टिनाचं शेड आहे. माझे मालक तिथं भागीदारासोबत कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगचे रोलर दुरुस्त करत. कापसाचे दिवस बिघडले, जिनिंग बंद पडल्या, शेडला कुलूप लागलं. पुढच्या वर्षी मालकही गेले.

त्यांची एक रीत होती. मशीन सुरू करण्याआधी टांगलेल्या पाईपवर पान्ह्यानं दोन ठोके – म्हणजे, आत कोणाचा हात आहे का? आतला 'निघालो' म्हणाला की एक ठोका, आणि पट्टा सुरू.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात माझी मुलगी वर्षा पुण्याहून दोन कॉम्प्युटर घेऊन आली. दवाखान्यात पेशंटचे ठोके दाखवणारी मशीन असते, तिच्या अगदी आतला प्रोग्राम – कर्नल म्हणतात – तिनं लिहिलेला. तो मधेच बंद पडायचा. सोमवारपर्यंत दुरुस्त झाला नाही तर नोकरी जाणार होती.

"माय, दोन कामं संगच चालतात. एक जण मेमरीतली जागा वापरून राह्यला असते, अन् दुसरा ती रिकामी समजून तिसऱ्याले देऊन टाकते. पण कधी, तेच सापडत नाही. पाहाले बसलं की होतच नाही."

"माणसासारखंच हाय मंग," मी म्हणाले.

शनिवारी भर दुपारी शेडातून दोन ठोके ऐकू आले. मिनिटभरात कॉम्प्युटर बंद. तीनदा असंच झालं. चौथ्यांदा मी म्हणाले, "आता मरते पाह्य तुही मशीन."

मेली. वर्षाचा चेहरा उतरला. "तुले कसं समजलं वं?"

"शेडात दोन ठोके पडले."

"मले तर काहीच नाही आलं ऐकू. कुलूप हाय ना तिथं?"

किल्ली माझ्या कमरेला होती. मला मालकांचा हात आठवला.

"तुह्या बाबाची दोन बोटं कशी गेली, माहीत हाय? ठोके पडले, हे 'निघालो' म्हणाले, अन् हात आतच. चप्पल सापडाची असते अन् आपण 'निघालो' म्हणतो, तसं. भागीदारानं पट्टा सोडला."

वर्षानं आपला प्रोग्राम वरून खाली वाचत नेला. मग तिनं पडद्यावर एका ओळीवर बोट ठेवलं. "माय... हे इथंच 'निघालो' म्हणून राह्यलं. अन् खाली अजून एकदा हात घालते!"

तिनं ती ओळ उचलून खाली नेली. बस, एवढंच. मशीन पुन्हा चालू केली. आम्ही दोघी वाट पाहत बसलो. चहा गार झाला. दिवस कलला तरी मशीन चालूच...

तेव्हा शेडातून ठोका आला. एकच.

वर्षानं माझा हात दाबला. "हा मले आला ऐकू."

आम्ही कुलूप काढलं. पाईप जागेवर होता, त्यावरचं कोळ्याचं जाळंही तुटलेलं नव्हतं. आणि पान्हा? तो तर मी तेरवीनंतर भंगारात दिला होता.

नोकरी वाचली. लोक म्हणतात, टिन उन्हानं वाजतं. वाजतं, मलाही माहीत आहे; पण मोजून वाजत नाही. मग काय होतं ते? मला सांगता येत नाही. पण तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पाय पडल्याशिवाय मी कोणाला 'निघाले' म्हणत नाही.