खुर्च्यांवर आलेली संक्रांत

जुन्या सागवानी खुर्चीला घरच्या घरी पॉलिश कसं करायचं, हे मी कोणालाही समजावून सांगू शकते. फक्त नंतर त्या खुर्चीवर कोणी बसू नये.

आमच्याकडे अशा सहा खुर्च्या आहेत. बाबांनी त्या सभेसाठी घेतल्या होत्या. बाबांची सभा म्हणजे बाबा, त्यांचे चार-पाच मित्र आणि आईने केलेला चहा. हुंडा, जात, नवस, मुहूर्त, विधवांना मिळणारी वागणूक, अशा प्रत्येक विषयावर बाबांनी पत्रक काढलं आणि हैदराबादच्या आबिड्स चौकात उभं राहून वाटलं. लोक ते आदराने घेत, आदराने घडी घालत आणि पुढच्या कोपऱ्यावर त्यातच मिरचीची भजी बांधून घेत. मी अक्षरं शिकले ती या पत्रकांवर. बाकीची मुलं 'अ' अननसाचा म्हणत होती तेव्हा माझा 'अ' अन्यायाचा होता. त्यामुळे माझं मराठी बरं आहे आणि मैत्रिणी कमी आहेत.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. विधवांच्या सन्मानावर या माणसाने गठ्ठेच्या गठ्ठे छापले. त्याच्याच बायकोला आमच्या जामबागच्या अपार्टमेंटमधल्या बायकांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवातून अलगद वगळलं. भांडण नाही, अपमान नाही, फक्त बोलावणं येईना! गेल्या संक्रांतीला वरच्या मजल्यावरच्या देशमुख काकू घरोघर बोलावणं करत आल्या आणि नेमका आमच्या दारापाशी त्यांना फोन आला. (फोन उलटा धरलेला होता. मी दाराच्या भिंगातून बघत होते.) त्या बोलत बोलत पुढच्या दाराशी गेल्या. तिथे फोन संपला.

 आईने स्वयंपाकघरात जाऊन तीळ भाजायला घेतले. आम्हा दोघींसाठी एक किलो.

यंदा मी जाहीर केलं, "हळदीकुंकू आपल्या घरी. आणि वाण तू द्यायचंस, स्वतःच्या हाताने."

"काय बोलायलीस गं? कोण येणार?"

"सगळ्या येतील. मी निमंत्रणच तसं लिहिते."

"नक्को गं बाई! तुझ्या बाबांनी जन्मभर लिहिलं. काय झालं?"

"समाज बदलला."

"हौ, बदलला की. आधी पत्रकात भजी बांधायचे, आता प्लास्टिकच्या पिशवीत बांधतात."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीच्या दोरीवर आईची हिरवी नारायणपेठी साडी वाऱ्याला टाकलेली दिसली. बाबा गेल्यापासून ती घडीतून निघाली नव्हती. म्हणजे तिला हवं होतं! आता माघार घेणं म्हणजे बाबांशी गद्दारी.

निमंत्रण मी अपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'आलेल्या भगिनींची नावं आभारासह इथेच जाहीर केली जातील.' न आलेल्यांची नावं आपोआप जाहीर होणार हे जिचं तिला कळलं. (याला धमकी म्हणतात असं आई म्हणाली. मी याला जनजागृती म्हणते.)

वाण म्हणून प्लास्टिकचे डबे देणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. घरात पत्रकांचे गठ्ठे होतेच. त्यांच्या पट्ट्या काढल्या, खळीत बुडवल्या, वाटीवर थरावर थर चिकटवून कागदी वाट्या केल्या. कसर लागू नये म्हणून खळीत मेथीची पूड घातली. वाट्या छान झाल्या. घराला आठवडाभर लाडवांचा वास येत होता आणि खायला काहीच नव्हतं. शिवाय काही वाट्यांच्या तळाशी अक्षरं शाबूत राहिली. एकीत 'धिक्कार असो' एवढंच वाचता येत होतं. ती मी देशमुख काकूंसाठी बाजूला ठेवली.

मग खुर्च्या. बाबांच्या खुर्च्या धुळीने आणि चहाच्या डागांनी काळवंडल्या होत्या. मोठ्या कंपन्यांचं डब्यातलं पॉलिश आणायचं नाही, हे ठरलेलं. इंटरनेटवर एक हसतमुख बाई घरगुती पॉलिश शिकवत होत्या. मेण, अळशीचं तेल आणि थोडीशी राळ. खुर्ची आरशासारखी!

राळ आणायला अफझलगंजला गेले. दुकानदाराला विचारलं, "भाई, ये लकडी के पॉलिश में चलती क्या?"

"चलती क्या आपा, दौडती!"

"सूखने कू कित्ता टैम लगता?"

"टेन्शनच नक्को लेओ. परसों एक साब लेके गए, आज तक आके कुच नै बोले."

आता मी हैदराबादेतच जन्मले. इथलं 'परसों' म्हणजे परवाही असू शकतं आणि निजामाचा काळही, हे मला कळायला हवं होतं. पण ते साहेब तक्रार करायला आले नाहीत याचा मी सोयीचा अर्थ लावला. ते अजून खुर्चीलाच चिकटलेले असतील, हे काही सुचलं नाही!

घरी आल्यावर मला एकच शब्द सलत होता: 'थोडीशी'. थोडीशी म्हणजे तडजोड. बाबांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट थोडीशी केली नाही. मी राळ दुप्पट घातली. पातेलं गॅसवर ठेवून ढवळत असताना आई दारात येऊन उभी राहिली.

"घर जाळायलीस का?"

"खुर्च्या उजळायलेय."

"बाई, तुझे बाबा नुसतं बोलायचे. ते परवडायचं."

मी थरावर थर दिले. संक्रांतीच्या थंड सकाळी बोट लावून पाहिलं. कोरडं! खुर्च्या अशा चमकत होत्या की बाबा असते तर पहिल्यांदा सभेला उभे राहून बोलले असते. बोट लावणं आणि बसणं यांत शास्त्रीयदृष्ट्या फरक आहे, हे माझ्या कुठल्याच पत्रकात नव्हतं.

दुपारी बायका आल्या. नावं जाहीर होणार म्हणून सगळ्याच आल्या. देशमुख काकू पुढे, त्यांच्यामागे तळमजल्यावरच्या जोशी मावशी, समोरच्या तेलुगू पद्मा आंटी आणि आणखी तिघीजणी. बरोबर सहा खुर्च्या भरल्या.

"आम्ही काय, दोनच मिनिटं हं," देशमुख काकू टेकता टेकता म्हणाल्या. "गॅसवर दूध ठेवून आलेय."

"माझंही दूधच आहे," जोशी मावशी म्हणाल्या.

त्या दिवशी आमच्या इमारतीतलं सगळं दूध गॅसवर होतं.

आई आतून तबक घेऊन आली. हळदीकुंकू, तिळगूळ, वाट्या. हिरवी नारायणपेठी.  ती उभी राहिली. देशमुख काकू शेजारच्या खुर्चीकडे वळल्या.

"जोशीबाई, तुम्ही घ्या आधी. तुम्ही मोठ्या."

"छे छे, मान तुमचा. तुम्ही वरच्या मजल्यावरून आलात!"

"पद्मा आंटींना द्या की. त्यांच्यात चालत असेल."

"नै नै, पैले आप लोगां लेओ," पद्मा आंटी घाईघाईने म्हणाल्या. "मैं तो तुमारा देखके करती."

तबक हवेत. आई उभी. कोणी नाही म्हणेना, कोणी हात पुढे करेना. देशमुख काकूंनी भिंतीचा रंग कुठला ते विचारलं. जोशी मावशींनी पंख्याची चौकशी केली. एकीने हवा फार गरम झाली म्हणून पदराने वारा घेतला. खरोखरच गरम झालं होतं. ऊन खिडकीतून आत आलं होतं, खाली मेण होतं, राळ होती, आणि वर सहा जणींचा संकोच ऊब देत बसला होता. वाण घेऊन लगेच उठल्या असत्या तर एकीच्याही साडीला काही झालं नसतं. पण समाजाला निर्णय घ्यायला वेळ लागतो, आणि राळेला मऊ व्हायला तेवढाच वेळ लागतो.

शेवटी देशमुख काकूंनी मार्ग काढला. "बरं, येते हं वहिनी, दूध उतू—"

त्या उठल्या. खुर्चीही उठली!

काकू थोडं वाकून, खुर्ची पाठीला घेऊन, क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग धप्पकन बसल्या. जोशी मावशी उठायला गेल्या, अर्ध्यावर अडकल्या आणि किंचाळल्या, "अगं बाई! कोणीतरी धरलंय मला मागून!"

"अय्यो! मेरी कुर्सी नै छोड रई!"

"कोणाच्या खुर्च्या आहेत गं या?" जोशी मावशींनी पांढऱ्या चेहऱ्याने विचारलं.

"बाबांच्या," मी म्हणाले.

"तरीच!"

तो 'तरीच' खोलीभर पसरला. सहाही जणी खुर्च्यांचे हात घट्ट धरून बसल्या. भूत, आत्मा, पुनर्जन्म असलं काही नसतं, हे सांगण्यात बाबांनी उभा जन्म घालवला. आणि एका दुपारी, दुप्पट राळ घालून, मी त्यांचंच भूत करून टाकलं!

"भाऊसाहेब नाराज झाले हो," जोशी मावशी कापऱ्या आवाजात म्हणाल्या. "बायकोचा मान ठेवला नाही म्हणून. वहिनी, द्या ते वाण! द्या लवकर!"

आणि मावशींनी हात पुढे केला. आईने त्यांना कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाटी दिली. मग पद्मा आंटींना. मग बाकीच्या तिघींना.  कपाळांमागून कपाळं पुढे येत होती. "तिळगूळ घ्या, गोड बोला," आई म्हणत होती, आणि तिचा हा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. शेवटच्या राहिल्या देशमुख काकू. त्यांनी डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं.

कोणत्याही समजूतदार मुलीने या वेळी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलं असतं.

पण माझं वाचन आड आलं. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या बाबांच्या नावाने, अंधश्रद्धा विजयी होत होती! मी ओरडले, "थांबा! हे भूत नाही! ही राळ आहे! मी घातलीय, दुप्पट!"

देशमुख काकूंनी डोळे उघडले.

"काय घातलंयस?"

"राळ. ती उबेने मऊ होते. यामागे शुद्ध शास्त्र आहे, काकू, घाबरू नका."

काकूंचं कपाळ मागे गेलं. आईचं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, बाबा गॅसचं बिल भरायच्या पैशांत कागद घेऊन यायचे, तेव्हा त्यांच्याकडे पाहायची तसं.

मग जे झालं ते थोडक्यात सांगते. आईने खोबरेल तेल कोमट करून आणलं आणि एकेकीला कडेकडेने सोडवलं. पद्मा आंटी सुटल्या. जोशी मावशी सुटल्या, पण साडीचा एक तुकडा बाबांकडेच राहिला. देशमुख काकूंनी धीर न धरता हिसका दिला. त्यांची पैठणी फाटल्याचा आवाज लिफ्टपर्यंत गेला. जाताना त्यांनी वाटी तेवढी उचलली, तळाशी पाहिलं, 'धिक्कार असो' वाचलं आणि परत ठेवली.

संध्याकाळपर्यंत इमारतीत एकच वाक्य फिरत होतं. मी ते जिन्यात ऐकलं: "म्हणतात ते उगाच नाही. तसल्या हातचं वाण घेतलं आणि लगेच साड्यांवर आलं!" अपशकुन म्हणजे काय याचा पुरावा आजवर या जगात कोणाला मिळाला नव्हता. तो मी सहा खुर्च्यांवर, चकचकीत पॉलिशसह उपलब्ध करून दिला.

आई नारायणपेठीची घडी घालत होती. "दोन मिनिटं गप्प बसली असतीस," ती म्हणाली. एवढंच.

मी रात्रभर तळमळले आणि सकाळी ग्रुपवर पत्रक टाकलं. 'माझ्या आईचा यात काडीचाही संबंध नाही. पॉलिश मी बनवलं, राळ मी घातली, खुर्च्या मी मांडल्या. जे वाईट घडलं त्याचं एकमेव कारण मी आहे.' खाली स्वाक्षरी. आमच्या घराण्याने आजवर काढलेल्या पत्रकांपैकी लोकांनी शेवटपर्यंत वाचलेलं आणि मनापासून पटवून घेतलेलं हे पहिलंच!

इतकं पटलं की चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला देशमुख काकू स्वतः आमच्या दारात आल्या. फोन पर्समध्ये.

"वहिनींना पाठव हं. कैरीची डाळ केलीय. कुंकवाचं काय, ते बघू तिथे. पण येऊ देत. त्या बिचाऱ्या चांगल्याच आहेत, आम्हाला आता कळलं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू मात्र येऊ नकोस, बेटा. राग मानू नकोस. काहींच्या पायगुणातच असतं. तूच लिहिलंस ना?"

आई हिरवी साडी नेसून वर गेली. जाताना तिने मला दार आतून लावून घ्यायला सांगितलं, कारण बायका जिन्यातून येत-जात होत्या आणि माझं तोंड समोर दिसलं तर कोणीतरी परत फिरली असती.

म्हणजे लढा यशस्वी झाला असंच म्हणायचं. आमच्या घरातली विधवा आता अपशकुनी मानली जात नाही. ती जागा मी भरून काढली आहे. या पदाला पोचायला बायकांना आधी लग्न करावं लागतं आणि मग नवरा गमवावा लागतो. मी दोन्ही पायऱ्या गाळून थेट वर पोचले!