तो विषय सोड

कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयात खिडकीमागे बसणाऱ्या कारकुनाला सगळे ‘सोडाकाका’ म्हणत. नव्या मुलांना वाटायचं, या गृहस्थांना पित्ताचा त्रास असणार आणि टेबलाखाली सोड्याच्या बाटल्या असणार. खरी गोष्ट अशी की काकांच्या जिभेवर एकच शब्द ठाण मांडून बसला होता. रांगेत भांडण झालं की ‘सोडा हो’. कुणी अर्जावर फोटो उलटा चिकटवला की ‘सोड रे, दुसरा लाव’. वरून कुणी झापलं की स्वतःशीच ‘सोडा’.

“मला बघायला आलात तेव्हा तरी ‘सोडा’ म्हणाला नाहीत, हे माझं नशीब,” बायको म्हणायची.

“म्हणालो होतो. तुझ्या वडिलांना कमी ऐकू यायचं.”

नियमांच्या बाबतीत मात्र काका काही म्हणजे काही सोडत नसत. अठ्ठावीस वर्षं एकाच खिडकीत काढलेली. त्या खिडकीच्या काचेतलं भोक कुणी बसवलं देव जाणे, पण ते इतकं खाली होतं की बोलायला येणाऱ्या प्रत्येकाला कमरेत वाकावं लागे. अशा वाकलेल्या प्रत्येक डोक्याला काका एकच पाठ म्हणून दाखवत. मदत एकदा मिळाली म्हणजे जन्माची मिळाली असं नाही. दर सत्राला प्रगती तपासली जाते. आजवर जितके विषय घेतलेस त्यांतले दोन-तृतीयांश तरी पूर्ण झालेले हवेत. एकदा खाली घसरलास तर इशाऱ्याचं पत्र, पुढच्या सत्रातही वर आला नाहीस तर मदत बंद. आणि पहिल्या तीन आठवड्यांनंतर विषय सोडलास, तर तो ‘घेतला पण झाला नाही’ या रकान्यात जाऊन बसतो. “नापास होणाऱ्याला आणि पळून जाणाऱ्याला आमच्याकडे एकच रकाना आहे,” असं म्हणून काका शिक्का उचलत.

चष्मेवालीला हा पाठ त्यांनी दोनदा दिला होता. ती सकाळी कॉलेज करून दुपारी दोनपासून चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायची. पहिल्या वर्षी तिचे वडील अंथरुणाला खिळले. त्यांना उचलून कुशीवर वळवायला घरात आई आणि ती, दोघीच. वडील गेले, आणि त्यांच्या मागोमाग तिचे निकालही घसरले. सतरा विषय घेतलेले, पैकी दहाच पूर्ण. इशाऱ्याचं पत्र काकांनीच तिच्या हातात दिलं आणि तिथल्या तिथे कागदावर हिशोब मांडून दाखवला. या सत्रात चार विषय आहेत. चारही पूर्ण झाले तर एकवीसपैकी चौदा, म्हणजे बरोबर दोन-तृतीयांश. एकही राहिला तर नाही. तिने तो कागद घडी करून वहीत ठेवला.

सहाव्या आठवड्यात ती खिडकीशी आली ती एका दाखल्यासाठी. वाकली, आणि बोलायच्या ऐवजी रडायलाच लागली. संख्याशास्त्राच्या सरांनी चाचणीचा पेपर वर्गासमोर हलवून दाखवला होता. “चष्मे विकणाऱ्यांना तरी आकडे दिसायला हवेत,” असं म्हणाले होते. वर्ग हसला होता.

मागे रांग खोळंबलेली. रडणाऱ्या माणसापुढे काय करायचं हे नियमांत कुठेच दिलेलं नव्हतं. काकांनी स्वतःचा चहाचा कप काचेच्या भोकातून बाहेर सरकवला.

“तो विषय सोड आता. हे पी आधी.”

ती चहा प्यायली, डोळे पुसले, कप परत दिला आणि गेली. त्या संध्याकाळी काका घरी जाऊन मोठ्या तोऱ्यात म्हणाले, “आज एका पोरीचं रडं थांबवलं मी.”

सत्र संपलं. प्रगतीची यादी छापून आली. काका पट्टी लावून एकेक ओळ तपासत होते आणि चष्मेवालीच्या ओळीवर पट्टी थांबली. घेतलेले एकवीस, पूर्ण तेरा. तीन विषयांत चांगले गुण. चौथ्यासमोर ‘संख्याशास्त्र: सोडला, सहावा आठवडा’. काकांना रागच आला. इतकं समजावून, हिशोब मांडून! त्यांनी मदत बंदचं पत्र तयार केलं, त्यावर शिक्का जरा जास्तच जोरात मारला आणि खाली नेहमीची ओळ लिहिली: फेरविचारासाठी कारणासह अर्ज करता येईल.

चार दिवसांनी ती अर्ज घेऊन आली. काकांनी वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“हे काय लिहिलंयस? ‘गैरसमज’? कुणाचा?”

“माझा.”

“कशाबद्दल?”

“असंच.”

“अगं, असंच म्हटलेलं समितीला चालत नाही. आजारपण, अपघात, घरातलं मरण, असं काहीतरी लागतं.”

“बाबा गेले ते इशाऱ्याच्या पत्रानंतर दिलेल्या अर्जात लिहिलं होतं. परत चालेल?”

काकांनी मान हलवली. एक मरण एकदाच चालतं, हेही त्यांना पाठ होतं.

“मग सोडलासच का तू तो विषय? इशाऱ्याचं पत्र हातात असताना? वरच्या मजल्यावर अर्ज देण्याआधी मला एका शब्दाने विचारायचं तरी!”

“काका, तुम्हीच म्हणालात ना.”

“मी?”

“त्या दिवशी. चहा दिलात तेव्हा. ‘तो विषय सोड आता’ म्हणालात. मला वाटलं, नियम काकांना ठाऊक आहेत, ते सांगतायत म्हणजे सोडण्यातच भलं असणार. तशीच वर गेले आणि अर्ज दिला.”

“अगं, विषय सोड म्हणजे... म्हणजे ते सर काय बोलले ते... ते मनावर घेऊ नकोस, असं...”

“हो. ते पत्र आल्यावर कळलं. म्हणून तर गैरसमज लिहिलंय.” मग हळूच म्हणाली, “तुमचं नाव नाही घातलं मी कुठे.”

काकांनी अर्ज ठेवून घेतला, पोच दिली आणि खिडकी बंद केली. घड्याळात पावणेबाराच झाले होते. अठ्ठावीस वर्षांत ती खिडकी वेळेआधी कधी बंद झाली नव्हती.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. एरवी तिने चार टोमणे मारले असते. ती फक्त म्हणाली, “तिने तुमचं नाव नाही घातलं. तुम्ही घालणार का?”

“निवृत्तीला सहा महिने राहिलेत.”

“ते मला माहीत आहे. मी विचारलं ते सांगा.”

दुसऱ्या दिवशी काकांनी कार्यालयाच्या मॅडमपुढे एक कागद ठेवला. त्यात लिहिलं होतं की सदर विद्यार्थिनीने विषय सोडला तो या खिडकीवरून उच्चारल्या गेलेल्या वाक्यामुळे, आणि ते वाक्य माझं होतं. मॅडमनी दोनदा वाचलं.

“काका, तुम्ही तिला सल्ला दिलेला नाही. तुम्ही तिला चहा दिलात.”

“दोन्ही एकाच भोकातून गेलं, मॅडम. तिला वेगळं कसं कळणार?”

“हा कागद पुढे गेला तर तुमच्या सेवापुस्तकात नोंद होईल. इतक्या वर्षांत एक डाग नाही. तुमच्याच भाषेत सांगते, सोडा.”

“एवढं एक नाही सोडता येणार,” काका म्हणाले. मॅडमनी मग आवकचा शिक्का मारला. तो मारताना त्यांनी काकांकडे बघितलं नाही.

समितीत तिघे होते. अध्यक्ष सर वयस्कर, कोरडे, पण मुद्द्याला धरून बोलणारे. चष्मेवालीला आधी बोलावून बाहेर बसवलं, मग काकांना आत घेतलं.

“तुमच्या म्हणण्याचा अर्थ नेमका काय होता?” अध्यक्षांनी विचारलं.

“गप्प बस आणि चहा पी, असा.”

बाकीचे दोघे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. “मग तुमची चूक कुठे? मराठी सगळ्यांनाच समजते. चूक तिची झाली.”

काकांना बसायला खुर्ची दिली होती, तरी ते उभेच होते. “सर, मी घरी हे वाक्य बोललो तर ती गप्पा आहे. चहाच्या टपरीवर बोललो तरी गप्पाच. पण खिडकीत माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नाही. घेतलेले विषय, झालेले विषय, सोडलेले विषय. अठ्ठावीस वर्षं मी तिथे ‘विषय’ हा शब्द एकाच अर्थाने वापरला. त्या दिवशी मी तो बदलला आणि तिला सांगितलं नाही. समोर वाकून उभ्या असलेल्या मुलीने कुठल्या अर्थाने घ्यायचा होता?”

तिघांपैकी कुणीतरी कागद उलटला. अध्यक्षांनी बाहेरून चष्मेवालीला परत बोलावलं आणि एवढंच विचारलं, “विषय राहू दिला असतास तर पास झाली असतीस?”

“माहीत नाही सर,” ती म्हणाली. “अवघड होतं.”

ती ‘हो’ म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं काकांच्या मनात आलं. पण निर्णय आला तो बहुधा त्या ‘माहीत नाही’मुळेच. मदत एका सत्रापुरती चालू ठेवावी. तीन विषय घ्यावेत, त्यांत संख्याशास्त्र असलंच पाहिजे. तिन्ही पूर्ण झाल्यास चोवीसपैकी सोळा होतात. एकही राहिल्यास मदत कायमची बंद, फेरअर्ज नाही. निर्णयाची प्रत काकांनीच टंकली. दुसऱ्या पाकिटातून त्यांना स्वतःला मेमो आला: कामाच्या वेळेत विद्यार्थ्यांशी संदिग्ध भाषा वापरल्याबद्दल. त्यांनी पोचवहीत सही केली, तारीख घातली आणि रांगेतल्या पुढच्याला हाक मारली. ‘सोडा’ हा शब्द मात्र त्या दिवसानंतर खिडकीत ऐकू आला नाही. मुलं गोंधळली, नाव तर पडलेलं, आणि शब्दच गायब. काका आता रडणाऱ्यांनाही पूर्ण वाक्यं सांगत. “तू रडू नकोस. कुठलाही अर्ज आज देऊ नकोस. उद्या ये.”

चष्मेवाली त्या सत्रात खिडकीशी क्वचितच आली. दुकानाने तिला सकाळीही बोलवायला सुरुवात केली होती, असं कुणाकडून तरी कळलं. काकांनी काही विचारलं नाही. विचारण्यासारखा रकाना नव्हता.

निकाल लागायच्या तीन आठवडे आधी काका निवृत्त झाले.

निकालानंतर याद्या लागल्या त्या सकाळी ते जेवण अर्धवट टाकून उठले, तेव्हा बायकोने कुठे निघालात हेही विचारलं नाही. कॉलेजात जाऊन ते आयुष्यात पहिल्यांदा काचेच्या अलीकडे उभे राहिले. भोक खरंच फार खाली होतं. ते वाकले. आत नवी कारकून बसली होती.

“एका विद्यार्थिनीचं बघायचं होतं...”

“तुम्ही पालक आहात का?”

“नाही. मी इथेच होतो. या खुर्चीवर.”

“काका, विद्यार्थ्याची माहिती विद्यार्थ्यालाच देतो आम्ही,” ती नम्रपणे म्हणाली.

उत्तर अगदी नियमाला धरून होतं. काकांनी मान हलवली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसले. रांग सरकत होती. साडेबाराच्या सुमारास चष्मेवाली धावतपळत आली, रांगेत लागली, तिला काका दिसलेच नाहीत. तिची पाळी आली. ती वाकली. पाठ बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग ती सरळ झाली, वळली, आणि तिला काका दिसले.

ती शेजारी येऊन बसली. कागद हातात होता, पण तिने तो पुढे केला नाही.

“सोळा,” ती म्हणाली.

“चोवीसपैकी?”

“चोवीसपैकी.”

काकांनी मनातल्या मनात भागाकार केला. एकदा करून झाल्यावर परत केला. रेषेच्या वर एक केसही नाही, खालीही नाही.

“संख्याशास्त्र?”

“बेचाळीस. पास चाळीसला.” मग म्हणाली, “पुढच्या सत्रात चार घ्यावे लागतील. त्यांतले तीन तरी व्हायलाच हवेत. दोनच झाले तर परत खाली.”

“हो,” काका म्हणाले. याहून बरं काही सांगण्यासारखं नव्हतं, आणि खोटं सांगायची त्यांची हिंमत नव्हती.

पुढच्या सत्राचे अर्ज एक वाजेपर्यंतच घेत होते. ती उठली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. काकांना तिथे काहीच काम नव्हतं. तेही उठले आणि तिच्या मागे उभे राहिले.