आडवाटेची धमनी

मोमीन मॅडम विच्छेदनाच्या टेबलाशी आल्या की आमचे हात आपोआप थांबायचे. चिमट्यात धरलेल्या धमनीचं नाव कुणी घाईघाईनं सांगू लागलं, तर त्या त्याचं मनगट धरत. "नाव नको, गाव सांग. कुठनं निघाली ते आधी बघ." वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलत, टेबलाशी मात्र त्यांच्या तोंडी कळसची, गावाकडची भाषा यायची.

एकदा छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूंच्या पडद्याच्या, म्हणजे डायफ्रामच्या, धमन्या आम्ही शोधत होतो. बहुधा त्या महाधमनीतून किंवा पोटातल्या तिच्या पहिल्या मोठ्या फांदीतून निघतात. डावी सापडली, उजवी काही सापडेना. शेवटी ती जठराच्या धमनीतून फुटून आडवाटेनं वर चढलेली दिसली. आम्ही हसलो. मॅडम हसल्या नाहीत.

"ह्यात गंमत न्हाय. यकृतात गाठ झाली आन् ती पडद्याला टेकली, की हीच धमनी तिला रक्त पाजती. डॉक्टर यकृताची वाट बंद करून निवांत बसतो, आन् गाठ जगत राहती."

पुढे मी बारामतीत धमन्यांतून बारीक नळी घालून उपचार करू लागलो. एका दुपारी मॅडम दारात उभ्या. सोबत धाकटे भाऊ युनूसभाई, कळसला पेरूची बाग करणारे, रुंद खांद्यांचे. जुन्या काविळीनं यकृत खराब झालेलं, आणि डायफ्रामच्या अगदी खाली गाठ. ऑपरेशन शक्य नव्हतं. मी यकृताच्या धमनीतून औषध सोडलं आणि गाठीकडे जाणाऱ्या फांद्या बंद केल्या.

पुढच्या तपासणीत गाठ बरीचशी मेलेली दिसली. फक्त वरच्या कडेला एक कोर उजळ, म्हणजे अजून जिवंत, होती. बाहेर युनूसभाई नर्सला बागेत यायचं आमंत्रण देत होते. त्यांचा आवाज आत येत होता. मॅडम त्या कोरीवरून नजर काढत नव्हत्या.

"शेळके, पडद्याची धमनी बघितलीस?"

"नेहमीच्या जागी नाही, मॅडम. जठराकडंही नाही."

"मूत्रपिंडाकडं बघ."

ती तिथंच होती. उजव्या मूत्रपिंडाच्या धमनीतून निघून सरळ गाठीपर्यंत गेलेली.

ती बंद करताना युनूसभाई जागे होते. एकाएकी कण्हले, "डॉक्टर, तुमी पोटात काम करताय, मग खांदा का दुखतोय?"

"पडद्याचं दुखणं खांद्यात बोलतं, युनूस," काचेपलीकडून माइकवर मॅडम म्हणाल्या. आवाज स्थिर होता, चेहरा नव्हता.

नंतर पडदा चिडून युनूसभाईंना उचकी लागली. पाणी झालं, साखर झाली, गोळ्या झाल्या, थांबेना. "आपा, कोण एवढी आठवण काढतंय गं माझी?" ते दमून म्हणाले. मॅडम त्यांची पाठ चोळत राहिल्या. कोपऱ्यातली नर्स हसली आणि मॅडमकडे पाहताच पाणी आणायला वळली.

उचकी गेली. काही महिने बरे गेले. युनूसभाई पुन्हा बागेत फिरू लागले. मग डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं. या वेळी गाठीनं छातीच्या भिंतीतल्या धमनीतून रक्त ओढून घेतलं होतं.

"हीही वाट बंद करता येईल," मी म्हणालो.

"येईल. पण यकृत राहिलंय का त्याच्यात? धमनी गाठशील रे, माणूस टेबलावरनं उठायचा न्हाय." त्यांनी दारावरचा पडदा सारला आणि स्वतःच बाहेर गेल्या.

"युनूस, घरी जाऊ."

"बरं झालं व्हय?"

"न्हाय."

युनूसभाईंनी चपला पायात सरकवल्या. मग म्हणाले, "बागेकडनं जाऊ. सडकंनं नको."

पेरू उतरायच्या आत ते गेले. मी कळसला पोचलो तेव्हा पुरुषमंडळी कब्रस्तानातून परतत होती. अंगणात एक म्हातारी म्हणत होती, "बहीण एवढी डॉक्टर, आन् तिलाबी सापडलं न्हाय." मॅडमनी ते ऐकलं. मला जवळ बसवून घेतलं.

"सगळं सापडलं होतं, शेळके," त्या हळू म्हणाल्या. "एकूण एक वाट. तरीबी गेला. आता पोरांना शिकवशील, तवा हेबी सांगत जा."