मोठ्या घरची मोलकरीण

गिरणीमालकाची मुलगी तेविसाव्या वर्षी दुसऱ्याच्या घरी झाडू मारायला गेली, ती निव्वळ बापाशी भांडण झालं म्हणून. घरच्या मोलकरणीला ती कामचुकार म्हणाली, तेव्हा वडील वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "तू जन्मात एक कपबशी विसळली आहेस का?" ते तिला झोंबलं. आठवड्याच्या आत तिनं शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका निवृत्त सर्जनच्या बंगल्यात, राहून काम करायची नोकरी धरली.

"आधी कुठं होतीस?" बाईसाहेबांनी विचारलं.

"एका गिरणीमालकाकडे. लहानपणापासून तिथंच."

बोलणं नीटनेटकं, उच्चार स्वच्छ. बाईसाहेब खूश झाल्या. स्वयंपाकीणबाई मात्र नाही. अठरा वर्षं त्या स्वयंपाकघरात राज्य केलेली ही बाई, दारात उभी राहिली की मागचं काही दिसायचं नाही. "हात बघू," ती म्हणाली. पोरीनं हात पुढे केले. "लोण्याचे आहेत गं! या, राणीसरकार, पायधूळ झाडलीत."

तेव्हापासून तेच नाव पडलं.

पहिल्याच सकाळी वरून घंटा वाजली. राणीसरकारनी सवयीनं, कोण उठतंय ते पाहिलं. घंटा तिसऱ्यांदा वाजली.

"ती तुमच्यासाठी आहे," स्वयंपाकीण म्हणाली. "तुमच्या हाताखाली अजून कुणी ठेवलं नाही."

मग साहेबांचा लोकरीचा स्वेटर उकळत्या पाण्यात गेला. आटून बाहुलीएवढा झालेला तो बाईसाहेबांनी दोन बोटांत धरून विचारलं, "हे कुणाचं?"

"आधी साहेबांचं होतं."

एकदा चहाला पाहुणे आले. त्यातले एक गृहस्थ भिंतीवरच्या चित्राबद्दल काहीतरी ठोकून देत होते. हिला राहवेना. ट्रे टेबलावर ठेवून ही रिकाम्या खुर्चीत बसली आणि त्यांची चूक समजावून सांगू लागली. बाईसाहेबांचा चमचा कपात ढवळायचा थांबला, तेव्हा कुठं हिच्या ध्यानात आलं की आपण बसलो आहोत.

हे कळल्यावर स्वयंपाकीण पोट धरून हसली. पण त्या हसण्यात गोडवा नव्हता. लाकडी जिन्याला मेण कितपत लावायचं, असं हिनं विचारलं, तर ती म्हणाली, "सढळ हातानं लाव." साहेब अकरा पायऱ्या बसल्या बसल्या खाली आले. बोलणी हिनं खाल्ली. मग हिनंही मिठाच्या डब्यात साखर भरली, आणि सूपची पहिली वाटी तशीच खाली आली. दोघींत उघड वैर सुरू झालं. झाकणं आपटायची, बादल्या आडव्या यायच्या, आणि एकमेकींशी बोलायचं ते भिंतीकडे तोंड करून.

दहाव्या आठवड्यात वडिलांचा ड्रायव्हर मागच्या दाराशी आला. लांबलचक गाडी गल्लीत मावेना. त्यानं टोपी काढली. "ताई, साहेब म्हणतात, हौस पुरे झाली. घरी चला."

स्वयंपाकीण कांदा चिरत होती. हिनं ड्रायव्हरला परत पाठवलं, तो जाईपर्यंत तिनं सुरी खाली ठेवली नाही.

"हौस," ती म्हणाली. "माझी भाची विधवा आहे. पदरात पोर आहे. या जागेसाठी मी महिनाभर शब्द टाकत होते. ती दारात आली, आणि बाईसाहेबांनी तिला परत पाठवली, तुझं बोलणं गोड लागलं म्हणून! तू इथं खेळायला आलीस होय?"

"मला ठाऊक नव्हतं."

"विचारलंस कधी?"

हिनं विचारलं नव्हतं. दहा आठवडे एका ओट्यावर काम करून त्या बाईच्या घरी कोण आहे, हेही हिला माहीत नव्हतं. संताप आला, आणि नेमका कुणाचा ते कळेना.

दुसऱ्या सकाळी तिनं नोकरी सोडली आणि भाचीला घ्या म्हणून सांगितलं. "तुझ्या शिफारशीवर?" बाईसाहेब फिसकन हसल्या. पण दुसरी बाई मिळेना, म्हणून भाचीला बोलावणं गेलं. स्वयंपाकिणीनं आभार मानले नाहीत. हिची पेटी तेवढी पायानं दाराबाहेर सरकवली.

महिन्यानं ही भाचीच्या चौकशीला मागच्या दारी गेली. स्वयंपाकीण एकटीच होती. मोरीत भांड्यांचा डोंगर, कोपऱ्यात झाडू.

"गेली ती," स्वयंपाकीण फणकारली. "आठ दिवस टिकली. बाईसाहेबांनी खिडक्या तिसऱ्यांदा पुसायला लावल्या, तर फडकं तिथंच टाकून चालती झाली. आता बेकरीत आहे, मजेत. इथं दोघींचं काम माझ्या बोडक्यावर! तूच बिघडवलंस सगळं."

"मी तर तिला पाहिलंही नाही."

"तेच तर! तुला कुणी दिसतं कुठं?"

हिनं बाह्या सरसावल्या. "आण, भांडी तरी घासते."

"माझ्या भांड्यांना हात लावशील तर याद राख."

दार धाडकन लागलं. ही पायरीवर उभी राहिली. खाल्लेल्या बोलण्यांपैकी अर्धी तिला कबूल होती. उरलेल्या अर्ध्यांचा जाब विचारायला तिनं दार पुन्हा वाजवलं, चांगलं जोरात. आतून कुणी उघडलं नाही.